पाच फुटांचं गेट, सहा फुटांचा स्लॅशर

माणसाला लोखंड कळतं म्हणजे त्याला गवतही कळत असणार, असा आमच्या गावाचा ठाम समज आहे. मी वेल्डर. खांडबाऱ्याच्या अलीकडे रस्त्यालगत माझं दुकान आहे. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांचे पिंजरे, शाळेची गेटं, ट्रॉल्यांचे फाळके, लग्नाच्या मांडवाचे खांब, हे माझं काम. गवताशी माझा संबंध इतकाच की ते दुकानामागे वाढतं आणि मी तिकडे बघत नाही. तरी कब्रस्तान कमिटीनं गवत कापायचं यंत्र घ्यायचं ठरवलं तेव्हा जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. कोणी जाणकार म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. हा माझा जुना दोष आहे आणि या प्रकरणात तो चांगलाच अंगाशी आला.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, जी तेव्हा मी कोणालाच सांगितली नव्हती. माझी अम्मी याच कब्रस्तानात आहे, आणि तिची कबर नेमकी कोणती हे मला खात्रीनं माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा मी आखातात होतो. कंपनीनं पासपोर्ट ठेवून घेतलेला, सुट्टी मिळाली ती सात महिन्यांनी. मधे एक पावसाळा होऊन गेला होता. आमच्याकडे गरिबाची कबर कच्चीच असते, मातीचा उंचवटा आणि उशाला एक दगड. पावसानं उंचवटा बसतो, मग दगड तेवढा राहतो. मामूनं गेटापाशी उभं राहून हात लांब केला आणि म्हणाला, तिकडे, करंजाच्या बाजूला. मी करंजाखाली गेलो, एका दगडापाशी उभा राहिलो आणि रडलो. पुढे मामूही गेला. तेव्हापासून अकरा वर्षं दर ईदला मी त्याच दगडापाशी उभा राहून फातिहा पढत आलो. ती कबर अम्मीचीच असणार, असं मी मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. कोणाला विचारायची हिंमत झाली नाही. आईची कबर कुठली, असं पोटच्या पोरानं विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्यामुळे यंत्राचा विषय निघाला तसा मला आधी तो दगडच आठवला. कब्रस्तानावरून यंत्र फिरलं आणि तो दगड हलला, तर माझ्याकडे अम्मीची म्हणून काहीच खूण उरणार नव्हती.

आतापर्यंत गवत चाचा कापत होते. चाचा म्हणजे आमच्या गावचे कबर खोदणारे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. पावसाळ्यात तरोटा आणि गाजरगवत कमरेएवढं होतं, कुसळ कपड्यात घुसतं, पायवाटा दिसेनाशा होतात. चाचा उकिडवे बसून विळ्यानं आधी नुसत्या वाटा मोकळ्या करायचे. कबरांवरच्या गवताला ते हात लावत नसत. आमच्यात मानतात की कबरीवरचं गवत हिरवं आहे तोवर ते अल्लाचं नाव घेत असतं, आणि खाली निजलेल्याला त्याचा दिलासा असतो. म्हणून ते वाळेपर्यंत थांबायचं, मग कापायचं. चाचांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. कोणाची कबर कुठे, हेही त्यांनाच ठाऊक. आमच्या कब्रस्तानाचं रजिस्टर नाही, नकाशा नाही. जे आहे ते चाचांच्या डोक्यात, आणि या साली चाचांचे गुडघे गेले.

कमिटीची सभा मशिदीशेजारच्या खोलीत भरली. आमच्या सभांची एक रीत आहे. उद्घाटन उर्दूत होतं, भांडण अहिराणीत होतं आणि ठराव मराठीत लिहिला जातो, कारण त्याची प्रत ग्रामपंचायतीत द्यावी लागते. उर्दू साधारण दोन मिनिटं टिकली. सदरसाहेब, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांनी चाचांच्या खिदमतीचा गौरव केला. चाचा दाराशी बसले होते. त्यांच्या गुडघ्याचं काय करायचं हा मुद्दा कोणी काढला नाही, गौरवावरच भागलं. मग खजिनदार बोलायला उठले. खजिनदारांचं कोंबडीखाद्याचं दुकान आहे आणि दारात एक ट्रॅक्टर उभा आहे, जो त्यांनी कोणत्या तरी योजनेतून घेतला आणि ज्याचं काय करायचं हे त्यांना अजून सुचलेलं नाही.

"ट्रॅक्टर मन्हा शे, डिझेल मन्हं शे," खजिनदार म्हणाले, "तुम्हले फक्त मांगे एक यंत्र जोडानं शे."

झालं. तिथून पुढे जमीन कशी आहे, गवत कसं आहे, याची चर्चा संपली. ट्रॅक्टरला काय शोभेल याची सुरू झाली. लग्नाचा मुलगा घरात असला की सगळी नातीगोती जशी फक्त त्याच्याकडेच बघतात, तशी सगळी कमिटी त्या ट्रॅक्टरकडे बघायला लागली.

मी जाणकार. मी म्हणालो की ट्रॅक्टरमागे जोडायचे तीन प्रकार असतात. एक स्लॅशर, म्हणजे पत्र्याच्या झाकणाखाली आडवं गरगर फिरणारं पातं. दुसरा, रुळावर लटकत्या हातोड्या असलेला, त्याला फ्लेल म्हणतात. तिसरी कटर बार, ट्रॅक्टरच्या बाजूला लांब दातेरी पट्टी, दाढी करायच्या मशीनसारखी. हे सगळं मी आदल्या रात्री मोबाईलवर बघून ठेवलं होतं. मग प्रत्येकात मी खोड काढली. स्लॅशर दगड उडवतो. फ्लेलला जास्त ताकद लागते. कटर बार दगडाला लागली की दात मोडतो. माझं ज्ञान ऐकून सगळे प्रभावित झाले. माझ्या मनात होतं ते एवढंच की यातलं काहीच आणू नका. ते मात्र मी बोललो नाही. आईसाठी बोलायचं होतं आणि मी हातोड्यांवर भाषण देत बसलो.

सदरसाहेबांनी निकाल दिला. "लेवानं ते मोठंच लेवानं. बारीक यंत्र देखीसन लोके हासतीन." पलीकडच्या गावच्या कब्रस्तानाला कमान झाली होती. ती त्यांच्या मनात सलत होती.

आम्ही तिघं नवापूरला गेलो. हायवेवर अवजारांचं एक मोठं दुकान आहे, बाहेर रोटाव्हेटर, नांगर, पेरणीयंत्रं ओळीनं मांडलेली, सगळी लाल नाहीतर निळी. विक्रेता तरुण आणि फार हुशार होता, बोलणं निम्मं गुजराती, निम्मं हिंदी. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि विचारलं, जमीन कसली आहे?

सदरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी खजिनदारांकडे. कब्रस्तान म्हणायला तिघांनाही कसंसंच झालं. का, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. बहुधा विक्रेत्यानं आम्हाला प्रगत शेतकरी समजून खुर्च्या दिल्या होत्या, त्या सोडवत नव्हत्या.

"बाग आहे," सदरसाहेब म्हणाले.

"वा. दोन झाडांत अंतर किती?"

खजिनदार प्रामाणिक माणूस. त्यांनी हातानं हवेत मोजून दाखवलं. "लांबी सात फूट. रुंदी तीन. मधे दीड हात."

विक्रेत्यानं पेन खाली ठेवलं. "काका, इतक्या जवळ? काय लावलंय?"

चहा आला, कप घेतले गेले. शेवटी मला राहवलं नाही. "भाऊ," मी म्हणालो, "जे लावलंय ते कयामतच्या दिवशीच उगवणार आहे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं आदबीनं चहाचा कप बाजूला ठेवला आणि जरा सावरून बसला. पण विक्रेता तो विक्रेताच. त्यानं लगेच सांगायला सुरुवात केली की आमचा स्लॅशर अगदी शांतपणे चालतो. त्यावर खजिनदारांनी पुढे वाकून खरा प्रश्न विचारला. हिरवं गवत सोडून फक्त वाळलेलं कापेल असं यंत्र आहे का?

तो पोरगा बिचारा खजिनदारांकडे बघतच राहिला. इतकी वर्षं अवजारं विकत असेल, पण असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं. "काका, मशीन को रंग नहीं दिखता," तो म्हणाला.

खजिनदारांना हे पटलं नाही. आजकाल मोबाईलला चेहरा ओळखता येतो, मग यंत्राला गवत का ओळखता येऊ नये, असं ते परत येताना विसरवाडीपर्यंत बोलत होते. सदरसाहेबांनी मात्र दुकानातच स्लॅशर पसंत केला होता, सहा फूट रुंदीचा, निळा. घेण्याआधी एक दिवस चालवून बघायला तो मिळणार होता. रंगावर त्यांचा जीव बसला होता.

सहा फूट हा आकडा मी ऐकला आणि गप्प बसलो. कारण कब्रस्तानाचं गेट मी बनवलेलं आहे. जनाजा आणि दोन्ही बाजूंनी खांदा देणारी माणसं सुखानं आत जावीत, या हिशेबानं ते पाच फुटांचं आहे. दोन इंची पाइप, आत सळ्या, वर चंद्र. त्या गेटातून ट्रॅक्टरची मागची चाकंही जाणार नाहीत, सहा फुटांचा स्लॅशर तर नाहीच, हे मला दुकानातच कळलं होतं. बोललो नाही. म्हटलं, येऊ दे, गेटाशी अडकू दे, चार माणसांत हसं होऊ दे. परत जाईल आणि पुन्हा या गावात यंत्राचं नाव निघणार नाही. ही माझी अक्कल. खरं सांगायला जी एक ओळ पुरली असती तिच्याऐवजी मी हे सगळं कारस्थान रचत बसलो होतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. कब्रस्तानात गवत वरून पिवळं, बुडाशी अजून हिरवं. सकाळी खजिनदार ट्रॅक्टर घेऊन आले. पुढे झेंडूचा हार, मागे निळा स्लॅशर. अर्धं गाव जमलं होतं. सदरसाहेबांनी मोबाईलवर फोटो काढायला एका जावयाला उभं केलं होतं. ट्रॅक्टर गेटाशी आला, पुढची चाकं आत गेली, मागची अडकली. खजिनदारांनी मागे घेतला, पुन्हा तिरपा घातला, पुन्हा अडकला. लोक सूचना देऊ लागले. एकानं हवा कमी करा म्हणून सांगितलं. मी हाताची घडी घालून उभा होतो आणि मनातून अल्लाचे आभार मानत होतो.

"तू कारागीर शे ना," सदरसाहेब माझ्यावर उखडले, "गेट तोडाले कितला टाईम लागी?"

मी म्हणालो, गॅसकटरचं सिलिंडर संपलंय. तेही खोटंच होतं.

आणि तेवढ्यात आमच्या शेजारच्या पाटलांनी घोळ केला. कब्रस्तानाला लागून त्यांचं वावर आहे. माणूस सोन्यासारखा, आमच्या प्रत्येक मयतीला येतो, दोन तास उन्हात उभा राहतो. वेचणी सोडून तो बांधावर आला होता आणि आमची धडपड बघून त्याचा जीव कळवळला. "भो, मांगला बाजूले ते भिंतच नही शे," तो ओरडला. "मन्हा वावरमाईन लई या ना. काय चिंता नको करा."

खरंच नव्हती. कब्रस्तानाची भिंत निधीतून झालेली आहे, आणि ती निधी पुरला तिथपर्यंत आहे. म्हणजे रस्त्याकडून, जिथून फोटोत दिसते. मागच्या बाजूला काटेरी बाभळीचं कुंपण, तेही विरळ. मी हे कसं विसरलो? मी गेटाचा इंच न् इंच मोजून ठेवला होता आणि भिंत नाही ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. करंजाचं झाड मागच्या बाजूलाच होतं.

मी ओरडलो असेन. खात्री नाही. ट्रॅक्टर पाटलांच्या वावरातून वळला, दोन ओळी कापूस वाचवत फार काळजीनं आला आणि मागून आत घुसला. खजिनदारांना वाटलं तो कोपरा रिकामा आहे. तिथे ना संगमरवर, ना कठडा, नुसतं गवत. त्यांनी स्लॅशर खाली सोडला. शांतपणे चालणाऱ्या त्या यंत्राचा आवाज असा झाला की पाटलांचे बैल दावं तोडून पळाले. दगड उडाले. एक उडालेला दगड सदरसाहेबांच्या स्कूटरच्या दिव्यावर बसला. गवत, माती, हिरवं, वाळलेलं, सगळं एक होऊन मागे पडत होतं. करंजाखालून ट्रॅक्टर गेला तेव्हा मी पळत होतो. मधे गवतात पडलो, उठलो, पुन्हा पळालो.

ट्रॅक्टर थांबला, कारण चाचा पुढे येऊन बसले. काठी आडवी मांडीवर ठेवून, अगदी चाकासमोर. खजिनदारांनी इंजीन बंद केलं.

मी माझा दगड शोधत होतो. तो जागेवर नव्हता. दहा हातांवर उलटा पडलेला सापडला, एका बाजूनं पातं लागून पांढरा झालेला. मी तो छातीशी धरला आणि पुढे जे झालं ते मला शोभण्यासारखं नाही. मी खजिनदारांना ट्रॅक्टरवरून खाली ओढलं. त्यांची कॉलर धरली. "मन्ही माय शे रे आठे!" मी ओरडत होतो. "मन्ही मायवरथीन ट्रॅक्टर लई गया तू!" लोकांनी सोडवलं. खजिनदार रडायला लागले. एवढा मोठा माणूस, कोंबडीखाद्याचा व्यापारी, तोंड झाकून रडत होता. सदरसाहेबांनी स्कूटरकडे बघितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून काहीतरी उर्दूत म्हणाले. या वेळी ती दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकली.

मग लोक त्या साफ झालेल्या पट्ट्यात उतरले. इथे कोण होतं? एक म्हणे माझे आजोबा, दुसरा म्हणे छे, ते तिकडे. एकाच जागेवर तिघांचे आजोबा निघाले. प्रत्येकाला आपलं माणूस कुठे आहे ते पक्कं माहीत होतं, गवत होतं तोवर. मला मनातून थोडं बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं मला वाटत होतं की असा नालायक गावात मी एकटाच.

चाचांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. मला म्हणाले, तू थांब, दगड उचलाले कोनी तरी जोयजे.

दुपारभर आम्ही दोघं दगड लावत होतो. चाचा कोपऱ्यातल्या विहिरीपासून पावलं मोजत येत, गुडघा धरून थांबत, काठीचं टोक मातीत रोवत आणि म्हणत, इथे. मी दगड आणून बसवायचो. कोणता दगड कोणाचा हे ते हातानं चाचपून सांगत. हा काळा, बागवानाच्या आईचा. हा चपटा, पिंजाऱ्याच्या लेकीचा, तापानं गेली. एकही दगड त्यांनी दुसऱ्यांदा हातात घेतला नाही. मी आयुष्यभर मोजमापाचं काम केलं आहे, टेप आणि गुण्या घेऊन, आणि इतकं अचूक काम मी कोणाला करताना पाहिलेलं नाही. त्यांना कोणी कधी जाणकार म्हणून सभेत बोलावलं नव्हतं.

शेवटी तो पांढरा झालेला दगड उरला. मी तो कोणालाही न देता करंजाच्या बुडाशी ठेवला होता. तो घेऊन मी चाचांकडे गेलो. "अम्मीना," मी म्हणालो.

चाचांनी दगड घेतला, चाचपला, सहा-सात पावलं चालले आणि काठी रोवली. मी खाली बसून तो बसवला, माती दाबली, हात उचलले. फातिहा पढून झाल्यावर बघतो तर चाचा अजून तिथेच उभे.

"बेटा," ते म्हणाले, "ती तुन्ही माय नही शे."

मी नुकत्याच बसवलेल्या दगडाकडे बघितलं.

"तुन्ही माय तठे शे." त्यांनी काठी पलीकडे केली, तीन ओळी सोडून, बाभळीच्या कुंपणाजवळ. तिथपर्यंत ट्रॅक्टर पोहोचलाच नव्हता. गवत उभं होतं, बुडाशी हिरवं.

"मंग आठे कोन शे?"

चाचा करंजाला टेकून बसले आणि त्यांनी सांगितलं. अम्मी गेली त्याच आठवड्यात खांडबारा स्टेशनवर एक बाई मेली होती. सुरतेच्या गाडीतून उतरलेली, एकटी, पिशवीत एक साडी आणि हातात तसबीह, म्हणजे जपमाळ. त्या तसबीहवरून पोलिसांनी तिला आमच्याकडे दिलं. नाव कोणाला माहीत नाही. चार माणसांनी नमाज पढली आणि चाचांनी तिला करंजाखाली ठेवलं. नंतर कोणी शोधत आलं नाही.

मला राग आला, चाचांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. "अकरा साल व्हयनात, चाचा. मी दर ईदले आठे उभा ऱ्हास. तुम्ही माले सांगं काबर नही?"

"तिनाकडे कोनीच येस नही," चाचा म्हणाले. "तू येस, फातिहा पढस. माले वाटनं, पढू दे. तुन्ही मायकडे मी देखस ना."

मी तिथेच मातीत बसून राहिलो. अकरा वर्षं माझ्या आईकडे हा माणूस बघत होता, आणि मी त्याला ईदला नुसता सलाम करून निघून जात होतो.

स्लॅशर दुसऱ्या दिवशी नवापूरला परत गेला. कमिटीनं ठराव केला की सदर जागा यंत्रास अनुकूल आढळून आली नाही. जागा आपली असून तीच नापास झाल्यासारखं ते वाचताना वाटतं. मग पाठीवर अडकवायचं लहान यंत्र घेतलं, पुढे पात्याऐवजी नायलॉनची दोरी फिरते ते. मी त्याला पोल्ट्रीच्या पत्र्याचं एक झाकण बनवून लावलं, म्हणजे खडे उडत नाहीत. ते फक्त वाटांवर चालतं. कबरांवर विळाच. सदरसाहेब आता लोकांना सांगतात की विळा ही कल्पना त्यांची. कबर कुठे कोणाची हे मी चाचांना विचारून वहीत उतरवायला बसलो आहे. चाचा सांगतात, मी लिहितो, आणि मधेच चाचा म्हणतात, थांब, चहा सांग.

खजिनदार अजून माझ्यासमोर मान खाली घालतात. दर शुक्रवारी करंजाखालच्या कबरीवर ते फुलं ठेवतात, माझ्या अम्मीची म्हणून. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. त्या बाईकडे आता दोन माणसं येतात, ती कमी कशाला करू?

हिवाळ्यात गवत पूर्ण वाळलं. एका सकाळी मी विळा घेऊन गेलो. चाचांनी धरायला शिकवलं होतं, तरी बोट कापलंच. कब्रस्तानात कोणी नव्हतं, पाटलांच्या वावरात गव्हाला पाणी चाललं होतं. मला दोन कबरा साफ करायच्या होत्या आणि आधी कोणती, ते कळेना. कुंपणाजवळ जायला निघालो, अर्ध्या वाटेतून परत फिरलो आणि करंजाखाली बसून कापायला लागलो. त्या बाईचं आधी आटपलं. अम्मीला काय, माझी वाट बघायची सवयच होती.